आम्ही शेतावर होडी चालवत होतो

“नांगराला शीड लावता का गं तुम्ही?”

सरांनी असं विचारलं आणि अख्खा वर्ग खदाखदा हसला. पहिल्या बाकावरच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मागची पोरं बाक बडवत होती. मी उभी होते. हसण्यासारखं आपण काय बोललो, ते मला अजून कळलंच नव्हतं.

पेणची शाळा. आठवीचा वर्ग. इंग्रजीचा तास. एखादी गोष्ट तेव्हा घडत होती, चाललेली होती, ती इंग्रजीत कशी सांगायची ते सर शिकवत होते. फळ्यावर एक क्रियापद लिहायचे, एकाला उठवायचे आणि वाक्य करायला लावायचे. खेळणं झालं, स्वयंपाक करणं झालं. मग सरांनी ‘सेल’ लिहिलं. विकायचं नाही, दुसरं. शिडाच्या होडीतून जाणं. पुस्तकात त्याच्या शेजारी चित्र होतं. निळा समुद्र, पांढरंशुभ्र शीड आणि गॉगल लावलेला गोरा माणूस.

माझा हात आपसूक वर गेला. खाडीकाठच्या गावातून त्या शाळेत आल्यापासून मी कधी हात वर केला नव्हता. माझं बोलणं ऐकून मुली एकमेकींना कोपर मारायच्या, म्हणून मी गप्पच असायचे. पण हा शब्द माझा होता. वर्गात गणपतीच्या कारखानदारांची पोरं होती, डॉक्टरची होती, वकिलाची होती. शिडाची दोरी हातात धरलेली मी एकटी.

मी म्हणाले, “वी वेअर सेलिंग ऑन अवर फार्म.”

आम्ही आमच्या शेतावर होडी चालवत होतो.

वाक्य बरोबर होतं. आज छाती ठोकून सांगते, बरोबर होतं. आणि खरंही होतं. त्या दोन्हीचा काही उपयोग झाला नाही.

“फार्मवर?” सर म्हणाले. “फार्मवर बैल चालतो. होडी समुद्रात चालते.” मग तो नांगराचा विनोद केला. हसणं थांबेना तेव्हा मी म्हणाले, “सर, आमच्या शेतात पाणी हाय.”

“हाय?” सरांनी माझ्यासारखाच सूर काढला. “हाय-बाय नंतर कर. पावसाळ्यात सगळ्यांच्याच शेतात पाणी असतं. त्याला भातशेती म्हणतात.”

त्यांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं. ‘फार्म’वर काट मारली आणि वर ‘सी’ लिहिलं, समुद्र. पांढरी ठसठशीत काट. मग खडू खाली ठेवला आणि हात झटकत म्हणाले, “आता वर्गाला सांग, आय वॉज लायिंग. मी खोटं बोलत होते. तेवढाच सराव होईल.”

मी म्हणाले, “आय वॉज लायिंग.”

“मोठ्यानं.”

मोठ्यानं म्हणाले. दुसरं काय करणार होते? त्या दिवसापासून शाळेत माझं नाव सेलिंग पडलं. ए सेलिंग, डबा कुठल्या बंदरात उघडणार? ए सेलिंग, आज भरती का ओहोटी? दहावी होईपर्यंत माझं खरं नाव हजेरीच्या वेळीच ऐकू यायचं.

आता शेतावर होडी कशी, ते सांगते. आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध, त्याला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. बाहेरकाठा धड असला तर आत लाल राता भात पिकतो. तो फुटला की खारं पाणी आत आणि सगळं संपलं. मी दुसरीत असताना उधाणाच्या भरतीला तो फुटला. आधीच्या काळी असं झालं की घरटी एक माणूस निघायचा. ओहोटीत चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे, रचायचे आणि भरती यायच्या आत भगदाड बुजवायचं. या वेळी वरून निरोप आला, तुम्ही हात लावू नका, मशीन येणार आहे. मोठमोठ्या माणसांनी सांगितलं, म्हणून आमची माणसं थांबली. मशीन काय आलंच नाही. खाडीनं भगदाडाची वेस करून टाकली.

बापसानं नांगर माळ्यावर टाकला. युरियाच्या रिकाम्या गोण्या उसवल्या. शेतच नाही तर युरिया कशाला? आयशीनं त्या एकाला एक जोडून शिवल्या आणि होडीला शीड झालं. त्या शिडावर गोणीवरचं भाताचं कणीस छापलेलं होतं. वारा भरला की ते फुगायचं. शेतात एक कणीस उरलं नव्हतं आणि शिडावर हे एवढं मोठं!

भरती आली की बापूस होडी काढायचा आणि मला दोरी धरायला बसवायचा. मासे पकडायला जायचो, ते खरंच. पण त्याच्याआधी एक काम असायचं. आमच्या शेताच्या चारी कोपऱ्यांवर बापसानं बांबू रोवले होते. पाण्यावर त्यांची नुसती टोकं दिसायची. एखादा कुजला, वाहून गेला, तर बापूस नवा ठोकायचा. सगळ्याच घरांनी तसे रोवलेले. मी एकदा विचारलं, “बाबा, पाण्यात कशाला ठोकतस?” तर म्हणाला, “आपलं शेत कुठं हाय ते इसरायला नको गो बाय. पाणी काय, आज हाय उद्या नाय.”

तर ही होती आमची होडी. हे होतं माझं खोटं बोलणं.

त्या दिवशी घरी आले आणि बापसाला सगळं सांगितलं. मला वाटलं, बापूस चिडेल. शाळेत जाईल. सरांची गचांडी धरेल. गावात भांडण झालं की त्याचा आवाज तीन आळ्यांत ऐकू जायचा, असा माणूस. तो शिडाचं भोक शिवत बसला होता. मान वर न करता ऐकलं. नंतर एवढंच विचारलं, “सर शाकाहारी हायत काय?”

दुसऱ्या दिवशी तो जिताडा घेऊन शाळेत आला.

आमच्या पेणमध्ये जिताडा म्हणजे नुसता मासा नाही. ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्या दारात जिताडा जातो. दाखला हवा, जिताडा. मोजणी हवी, जिताडा. डॉक्टरांनी नीट बघावं, जिताडा. चांगला हाताएवढा मिळाला की घरात कोणी विळी काढत नाही, आधी विचार होतो की हा कोणाकडे न्यायचा. आम्ही पोरं त्याला साहेबमासा म्हणायचो.

शिक्षकांच्या खोलीच्या दारात बापूस उभा. बाहेर चपला काढलेल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मासा दोन्ही हातांवर, देवापुढे धरावा तसा. मी खांबाआडून बघत होते. बापूस म्हणाला, “सर, पोरीला सांभाळून घ्या. चुकलं तिचं.”

चुकलं तिचं! ज्यानं माझ्या हातात ती दोरी दिली, तो म्हणतोय चुकलं तिचं. वर्ग हसला तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

सरांनी गोणपाट बाजूला करून बघितलं. खूश झाले. “वा! खाडीतला की तलावातला?”

“शेतातला हाय, सर,” बापूस म्हणाला.

“अरे वा,” सर म्हणाले आणि शिपायाला हाक मारली, पिशवी आण म्हणून. शेतातला मासा घरी गेला. शेतावरची होडी मात्र फळ्यावर काट मारलेली, तशीच होती. दुपारपर्यंत कोणी पुसलीसुद्धा नाही.

त्यानंतर मी इंग्रजी पाठ केलं, लिहिलं, मार्क मिळवले. बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की खडूची ती काट दिसायची.

घरात दिवस वाईट चालले होते. आयस जिते गावात परक्याच्या शेतावर लावणीला जायला लागली. स्वतःच्या नावावर शेत असलेली बाई दुसऱ्याच्या चिखलात वाकायची. संध्याकाळी गाडीनं परत यायची, पाय धुवायची आणि म्हणायची, “त्यांच्या चिखलाला वास चांगला येतो गो. गोड्या पाण्याचा.” बापसाला ते ऐकवायचं नाही. तो उठून बाहेर जायचा. मग ओटीवर त्याची सावली दिसायची, खाडीकडे तोंड करून उभी. एकदा मी बघितलं, तो माळ्यावर चढून नांगराला तेल लावत होता. गंजलेल्या फाळाला तेल. मी शिडीवरूनच गपचूप खाली उतरले.

पुढे शिकले. रोह्याला कंपनीत लागले, लॅबमध्ये. नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतली. रोज पूल ओलांडून शिफ्टला जायचं, पूल ओलांडून परत यायचं. मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हटलं, “फार्मर.” पुढे विचारलं, काय पिकवतात. काय सांगू? बांबू पिकवतात, पाण्यात. मी ‘राइस’ म्हटलं आणि खाली बघितलं. म्हणजे खरं बोलले तेव्हा खोटं ठरले, आणि खोटं बोलले तेव्हा नोकरी मिळाली.

खोलीत एकटी असताना मी कधीकधी ते वाक्य बोलून बघायचे. स्टोव्हवर भात रटरटत असायचा. ‘वी वेअर’ पर्यंत यायचे. पुढे गळा धरायचा. एवढी मोठी बाई झाले, पगार कमावते, आणि एक वाक्य घशाखालून वर येत नाही. स्वतःचीच चीड यायची. भांडी आपटायचे.

मग गेल्या वर्षी पेणला रामवाडीच्या हॉलमध्ये ती बैठक झाली.

आमच्या शेतांवर कसला तरी प्रकल्प येणार होता. जेट्टी, गोडाऊन, असलं काहीतरी. त्या प्रकल्पवाल्या कंपनीनं माणसं पाठवली होती, जागेचा अहवाल करायला. गोष्ट साधी होती. अहवालात ‘शेत’ लिहिलं तर आम्ही मालक, आम्हाला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही. ‘खाडी’ लिहिलं तर विचारायचं कोणाला? खाडी कोणाच्या बापाची? गावातल्या सगळ्यांचं सगळं त्या एका शब्दावर लटकलं होतं. पाण्याखाली का होईना, शेत होतं. ते पण जाणार.

अहवाल इंग्रजीत होणार होता, म्हणून गावानं मला बोलावलं. बापसाचा फोन आला, “बाय, तुला येतं ना गो ती भाषा? ये. आमचं सांग त्यांना.” माझा बापूस माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागत होता. मी शिफ्ट बदलली आणि रोह्याहून सकाळची गाडी धरली.

हॉलमध्ये एसी. पुढे पडदा लावलेला. एक मोठे साहेब आणि लॅपटॉपवर एक मॅडम. साहेब मराठीच होते, आडनावावरून कळलं. पण मराठी बोलत नव्हते. आमची माणसं मागं खुर्च्यांवर टेकून बसलेली, पाय आखडून, आपल्या पायांनी फरशी घाण होईल या भीतीनं. बापसानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. आणि हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात आयस आणि गावातल्या दोघीतिघी मसाला वाटत होत्या. साहेबांच्या जेवणाला जिताडा आणला होता. केवढा! गावात कोणी एवढा बघितला नव्हता. बापसानंच आणलेला. मला बघून आयस म्हणाली, “साहेब जेवले पोटभर का लिवतील चांगलं.” मला ते दार आठवलं. खांब आठवला. मी हॉलमध्ये परत आले.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, त्या जागेवर तुम्ही इतकी वर्षं काय करत होता? मी तो प्रश्न गावाला मराठीत सांगितला. बापूस उठला. हात जोडून म्हणाला, “साहेब, बाहेरकाठा फुटला. मंग आम्ही शेतावर होडी चालवत होतो. मासं मारत होतो, पोट भरत होतो. शेताच्या कडंला बांबू ठोकत होतो. बांध घालून द्या, आम्ही भात लावतो. दुसरं काय मागणं नाय.”

आता माझी पाळी. हॉलमध्ये मोठ्ठा वर्ग बसलाय असं वाटलं. घाम फुटला, त्या एसीत. पण बापूस माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, सगळंच म्हणाले. बांध फुटला ते आधी. मग, “वी वेअर सेलिंग ऑन अवर फार्म.” मग बांबू. मग मागणं.

कोणी हसलं नाही.

आईशप्पथ सांगते, कोणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली. “व्हेरी गुड इंग्लिश,” म्हणाले. इतक्या वर्षांचा काटा निघाला असं मला वाटलं. मी बापसाकडे बघून हसले. तोही हसला, दात पडलेलं हसू. किती मूर्ख आम्ही दोघं.

मॅडमच्या बोटांनी टकटक केलं आणि पडद्यावर अक्षरं आली. मी वाचली. ‘व्हिलेजर्स वेअर सेलिंग.’ गावकरी होड्या चालवत होते. पूर्णविराम. त्याच्याखाली आमच्या बांबूंचा फोटो, पाण्यावर टोकं दिसणारा. फोटोखाली लिहिलं होतं, मासेमारीचे खांब. आणि त्याच्याखाली जाड अक्षरात, जागा खाडीची, शेतीचा वापर नाही.

मी पुन्हा वाचलं. माझंच वाक्य होतं. फक्त शेपूट तोडलेलं. बांध गेला. शेत गेलं. होडी तेवढी ठेवली.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, मी ‘ऑन अवर फार्म’ म्हटलं होतं. ते राहिलं.”

साहेब इंग्रजीत म्हणाले, तोच अर्थ आहे. होडी चालते तिथे पाणी असतं, पाणी असतं ती खाडी.

मी म्हटलं, “नाही सर. खाली शेत आहे. बांबू आमच्या शेताचे कोपरे आहेत.”

मग त्यांना राग आला आणि त्यांचं मराठी बाहेर आलं. चांगलं स्वच्छ, शुद्ध मराठी. “अहो, फार्मवर कोणी होडी चालवतं का?”

मॅडम हसल्या. शेजारचे दोघं हसले. तेच. अगदी तेच हसणं. तेव्हा शेतावर होडी नसते म्हणून मी खोटी. आज होडी आहे म्हणून शेत खोटं. म्हणजे आम्ही बोलायचं तरी काय? कुठूनही आलं तरी आमच्याच पायाखालची जमीन काढून घेणार, आणि वर हसणार.

साहेब म्हणाले, “हे बघा, वेळ नाही. एकतर तुमचे वडील तिथे होडी चालवत होते, नाहीतर ते खोटं बोलतायत. मी काय लिहू?”

खोटं हा शब्द बापसाच्या कानावर गेला. तो धडपडत उठला. खुर्ची मागं पडली. दोन्ही हात जोडले, जोडलेले हात कपाळाला लावले आणि म्हणाला, “चुकलं साहेब. माझं बोलणंच चुकलं. रागवू नका. जेवून घ्या तुम्ही.”

त्या क्षणी माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. फळा दिसला. शिक्षकांच्या खोलीचं दार दिसलं, आणि बापसाच्या दोन्ही हातांवरचं ते ओलं गोणपाट. मला कळलं की आम्ही जन्मभर हेच करत आलोय. खरं बोलायचं, मग चुकलं म्हणायचं, मग वर मासा द्यायचा.

“बाबा, खाली बसा,” मी म्हणाले. त्याच्याशी असा आवाज मी कधी काढला नव्हता. तो बसला.

“तुमचं काय चुकलेलं नाय. आपलं कोणाचंच काय चुकलेलं नाय.”

मग साहेबांकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, कारण त्यांना कळलं नाही असं व्हायला नको होतं. “वी वेअर सेलिंग ऑन अवर फार्म. आय ॲम नॉट लायिंग. आय वॉज नॉट लायिंग देन.” ते शेवटचं त्यांना कळलं नसणार. ते त्यांच्यासाठी नव्हतंच. मग मराठीत म्हणाले, “दोन्हीतलं एक लिहायचं नाही. सगळं लिहायचं. बांध कोणी बांधू दिला नाही तेही लिहायचं. नसेल लिहायचं तर माझ्या बापाचं वाक्य पुसा. अर्धं वापरायचं नाही.”

“पुढचे कोण?” साहेब म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पडद्यावरचं वाक्य होतं तिथंच राहिलं.

मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. आयशीनं जिताडा पाटावर ठेवला होता. विळी मांडली होती. अजून चिरला नव्हता.

“आये, उचल तो.”

“कुठं गो? साहेब जेवायचं हायत.”

“त्यांना जिताडा नाय.”

आयशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. बाकीच्या बायांचे हात थांबले. दिलेला जिताडा परत नेल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. आयस हळूच म्हणाली, “पोरी, लोक काय म्हनतील? कामं बसतील सगळी.”

“बसलेलीच हायत, आये. उभं काय हाय आपलं?”

आयशीनं हात पुसले. मग विळी मिटली. जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळला, उचलला आणि डोक्यावर पदर घेऊन हॉलच्या मधून निघाली. मागच्या दारानं नाही, मधून. माशाचं पाणी टपटप त्या चकचकीत फरशीवर पडत होतं. मी तिच्या मागं. बापूस कधी उठला ते कळलं नाही, पण रस्त्यावर आलो तेव्हा तो मागं होता. गावातले थोडे आले. बरेचसे बसून राहिले. त्यांना मी नावं ठेवत नाही. भीती काय असते ते मला माहीत आहे.

विक्रम रिक्षानं गावाला निघालो. घरी आलो तर गावात आधीच बोंब पोचलेली. रोह्याला नोकरी लागली म्हणून डोकं फिरलंय. साहेबाच्या ताटातला मासा उचलला. हिच्यापायी सगळ्यांचं जाणार. एक म्हातारा दारात येऊन बोलून गेला, “शिकवलंस ना पोरीला? भोग आता.” बापूस खाली मान घालून ऐकत राहिला.

दिवस मावळायच्या आत आयशीनं जिताडा रांधला. कोकम घालून, जाड तुकड्यांचा. ताटं वाढली. एवढा मोठा जिताडा आमच्या घरात आम्ही कधी खाल्लाच नव्हता. दर वेळी दुसऱ्याच्या दारात गेला होता. बापूस ताटाकडे नुसता बघत बसला. मग एक घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारा माणूस, काटे काढतोय, जेवतोय आणि रडतोय. आयस म्हणाली, “तिखट झालं काय?” तो म्हणाला, “नाय. गोड हाय. शेतातला हाय.”



आता सगळं ठीक झालं असं कोणी समजू नये. काही ठीक झालं नाही. अहवाल गेला. त्यात खाडीच लिहिलंय. अर्ज केले, कोणी दाद देत नाही. कुठल्याही टेबलाशी गेलं की विचारतात, होड्या चालवत होतात ना? बापसाचे गुडघे गेले, त्याला आता होडीत चढवत नाही. गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत. भरती येते, जाते. आमच्या शेतावर पाणी तसंच उभं आहे.

पण मी एक केलं. कंपनीत सांगून शिफ्ट बदलून घेतली. ओहोटी ज्या वेळेला लागते, त्या वेळेला मी बाहेरकाठ्याच्या भगदाडावर असते, कमरेएवढ्या चिखलात. आयस असते. त्या दिवशी हॉलमधून उठून आलेल्या घरांतली माणसं असतात. घरटी एक माणूस, जुन्या रीतीनं. चिखलाचे गोळे हातोहात जातात. बापूस काठावर बसून ओरडतो, इथं दाब, तिथं रच, तुझ्या हातात जीव नाय काय? त्याचा तो जुना आवाज परत आलाय. आज रचलेलं कधीकधी उद्याची भरती नेते. आम्ही परवा पुन्हा रचतो. युरियाच्या गोण्यांचं ते शीड मी उसवलं. पुन्हा गोण्या शिवल्या, माती भरून बांधात टाकल्या. कणसाची बाजू खाली.

साहेबांच्या दारात आमच्या घरातून पुन्हा मासा जाणार नाही. मेलो तरी नाही.

परवा नोटीस आली. विनापरवाना खाडीत भराव घालताय, काम थांबवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. बांध फुटला तेव्हा खाडीला कोणी नोटीस दिली नव्हती. मी ती बापसाला वाचून दाखवली. तो म्हणाला, “पकडतील काय गो?” मी म्हटलं, “पकडतील.” तो म्हणाला, “मंग सकाळची ओहोटी लवकर हाय. लवकर उठ.”

होऊ दे गुन्हा. नेऊ दे कोर्टात. तिथं उभं करतील आणि विचारतील, त्या वेळी तुम्ही तिथं काय करत होता? इंग्रजीत विचारतील तर इंग्रजीत सांगेन. मराठीत विचारतील तर मराठीत. गळा धरणार नाही आता. आम्ही आमच्या शेताचा बांध घालत होतो. लिहा. आणि मी समोर उभी राहून वाचणार, अक्षर न् अक्षर. ‘शेत’ गाळलंत तर मी तिथून हलणार नाय.